मांडीवरची पट्टी

१

सकाळचे दहा वाजले की मी पियानोसमोरच्या स्टुलावर बसते आणि आमच्या ह्यांचं वाजवणं ऐकते. हे जाऊन पंधरा वर्षं झाली. ऐकते म्हणायचं आपलं. पहिले तीन महिने जे कानात येत होतं त्याला वाजवणं म्हणणं म्हणजे ह्यांचा अपमान. कोणीतरी जिन्यावरून रिकामे डबे लोटून दिलेत आणि शेवटचा डबा काही केल्या थांबत नाहीये, असलं काहीतरी.

दोन वर्षांपूर्वी एका तापात माझे दोन्ही कान गेले. आठवड्याभरात. चाळीस वर्षं लोकांचे पियानो सुरात लावून पोट भरलेली बाई मी, आणि काढून घ्यायचं काय, तर कान! गुडघे घेतले असते तर मी तक्रार केली नसती. बरं, थोडी केली असती.

मग ऑपरेशन झालं. उजव्या कानाच्या आत खोल कुठेतरी एक बारीक तार सोडली. बाहेर कानामागे यंत्र, आणि डोक्याला लोहचुंबकाने चिकटणारी चकती. चकती काढली की जग बंद. डावा कान तर ठार दगड. ज्या मुलीने हे यंत्र मला जुळवून दिलं तिला मी कानवाली म्हणते, तिच्या तोंडावरसुद्धा. ती मला काकू म्हणते.

"काकू, बोलणं लवकर समजायला लागेल," ती म्हणाली होती. "गाणं उशिरा येईल, आणि पूर्ण येईलच असं मी सांगणार नाही. तुमच्या पियानोला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, आतल्या तारेला टोकं बावीस. मेंदूला शिकवावं लागेल."

तिने अभ्यास दिला. अगदी पाठ असलेली एकच चाल रोज ऐकायची. मोबाइलवरून थेट यंत्रात पाठवायची आणि यंत्राचा माइक बंद ठेवायचा, म्हणजे घरातले आवाज मधे लुडबुडत नाहीत. एखादा सूर ओळखू आला नाही तर रेकॉर्डिंग थांबवायचं, माइक चालू करायचा, पियानोवर तोच सूर वाजवायचा आणि बोटाकडे बघत ऐकायचा. काय ऐकू आलं ते वहीत लिहायचं.

माझ्या वहीत पहिल्या महिन्यात एकच शब्द आहे. डबे. डबे. डबे.

२

माझ्याकडे पाठ असलेली चाल एकच होती, आणि तिचीच मला भीती होती.

हे शाळेत भूगोल शिकवायचे. पियानो नुसता हौस म्हणून. त्यांचा पियानो लावायला म्हणून मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले होते. काम झाल्यावर त्यांनी स्वतः रचलेली एक संथ चाल वाजवली आणि शेवटच्या सुराआधी हात उचलला. "हा तुम्ही वाजवा," म्हणाले, "बरोबर लागलाय का बघा." मी एका बोटाने वाजवला आणि म्हटलं, "लागलाय." पुढे लग्न झालं, आणि ती रीतच पडून गेली. दर रविवारी हे ती चाल वाजवायचे आणि शेवटचा सूर ठेवून थांबायचे. मी जिथं असेन तिथून हात पुसत यायची, ती एक पट्टी दाबायची आणि निकाल द्यायची. लागलाय, नाहीतर उतरलाय. लेक म्हणायची, तुमचं दोघांचं काय हे खूळ.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या एका रविवारी लेकीने कपाटावर टेपरेकॉर्डर ठेवला, बटण दाबलं आणि खेळायला पळाली. ह्यांनी वाजवायला घेतलं. मी स्वयंपाकघरात होते. चाल शेवटाला आली, हे थांबले. मी हात पुसत निघाले. दारापर्यंत पोहोचले तोच शेवटचा सूर वाजला.

हे पट्टीकडे बघत होते. दोन्ही हात मांडीवर.

"काय झालं?"

"काही नाही," ते म्हणाले. "पट्टी खाली गेली. आपोआप. मगाशी मधेसुद्धा दोनदा गेली होती. आणि आत्ता कोणीतरी म्हणालं..."

काय म्हणालं ते मला कधीच कळलं नाही, कारण मी हसले. अशी तशी नाही, पोट धरून हसले. "अहो, डोळे तपासून घ्या," म्हटलं, "आणि त्याच फेरीत कानही." मी पियानो उघडून आतलं सगळं तपासलं. स्प्रिंग ठीक, हातोडीवरचा लोकरीचा नमदा ठीक, कुठे दमट नाही. चार लोकांत तो किस्सा सांगून आणखी हसले.

ह्यांनी त्या दिवशी झाकण लावलं ते लावलंच. मी खूप विनवलं, रुसले, एकदा तर भांडलेसुद्धा. ते नुसतं म्हणायचे, "राहू दे गं." चार वर्षांनी गेले. त्या हसण्याचं मला आजही इतकं वाईट वाटतं की ती टेप मी ते गेल्यावर एकदाच लावली, आणि मिनिटभरातच बंद केली. माझं हसणं मला ऐकायचं नव्हतं.

अभ्यासासाठी लेकीने टेपवरून ती चाल मोबाइलवर उतरवून दिली. तरीही मी रोज चार मिनिटं झाली की थांबवत होते. शेवट एकदाही ऐकला नाही.

३

चौथ्या महिन्यात डब्यांचे हळूहळू सूर व्हायला लागले. सगळे नाहीत. खालचे एकमेकांत मिसळलेले, वरचे पत्र्याचे. पण मधेच एखादी ओळ अशी यायची की ह्यांचं बोट दिसावं. वहीत मी लिहिलं, 'आज दुसरी ओळ आली. रडले. कानवालीला सांगायचं नाही.'

आणि मग एका मंगळवारी माझ्याकडून चूक झाली. दोन मिनिटांच्या आसपास एक सूर मला धड लागेना. चाळीस वर्षांची खोड, शंका आली की हात आपोआप पट्टीवर जातो. रेकॉर्डिंग थांबवायचं, माइक चालू करायचा, हे सगळं विसरून मी सरळ पट्टी दाबली.

सूर ऐकू आला. स्वच्छ.

मी समाधानाने मान डोलावली, वहीत लिहायला घेतलं, आणि पेन तसंच राहिलं. माइक बंद होता. माझ्या कानात फक्त मोबाइलमधलं येत होतं. खोलीतला पियानो मला ऐकू येणंच शक्य नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट. तो सूर वाजल्यावर ह्यांचा हात किंचित अडखळला होता. अगदी पाव क्षण. मग चाल पुढे गेली.

मी स्वतःला चार शिव्या घातल्या. बोटातून, हाडातून कंप गेला असेल. नाहीतर सवयीने मनातच वाजला असेल. मी आयुष्यभर लोकांना सांगत आले, अहो, पियानोत भूत नसतं, उंदीर असतो. आता मीच काय लहान पोरीसारखी?

दुसऱ्या दिवशी मुद्दाम करून बघितलं. बघायला नको होतं. माइक बंद आहे ना, हे तीनदा तपासलं. तीन मिनिटं झाल्यावर अगदी वरची, त्या चालीत कुठेही नसलेली पट्टी दाबली आणि लगेच हात मागे घेतला.

टिंग.

ह्यांचं वाजवणं थांबलं. एक, दोन, तीन. त्या शांततेत स्टूल करकरलं. माझ्या बुडाखालचं नव्हे. मग त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पण आधीपेक्षा हळू, एखादा माणूस अंधाऱ्या जिन्यावर पाय चाचपत उतरतो तसं.

मी चकती ओढून काढली आणि त्या बंद जगात कितीतरी वेळ बसून राहिले.

४

कानवालीने सगळं शांतपणे ऐकलं. बरी पोर आहे, हसली नाही. तिने माइक बंद केला, मला डोळे मिटायला लावले आणि म्हणे माझ्या कानाशी टाळ्या वाजवल्या, टेबलावर डबा आपटला. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

"माइक बंद म्हणजे बंद, काकू. यंत्र ठणठणीत आहे."

"मग हाडातून आला असेल का गं सूर?"

"इतका स्वच्छ? अवघड आहे." तिने जरा विचार केला. "मेंदूचं असं असतं बघा, अर्धवट आवाज आला की बाकीचं तो स्वतःच भरतो. तुम्ही पट्टी दाबलीत, बोटाला कळलं, डोळ्याला दिसलं, मग मेंदूने सूर घातला भरून."

"मग मेंदूला म्हणावं, विचारून भरत जा."

"आणि दुसरं म्हणजे," ती हसत म्हणाली, "ते सूर रेकॉर्डिंगमधेच असतील. तुम्हाला पूर्वी ऐकू येत नव्हते, आता यायला लागले. म्हणजे प्रगतीच आहे!"

मला तिचं पटलं. खरंच पटलं. रस्त्याने येताना मी अगदी हलकी झाले होते. घराची पायरी चढताना मात्र लक्षात आलं की, सूर रेकॉर्डिंगमधे असतील, पण मी पट्टी दाबली त्याच क्षणी ते कसे आले? दोन्ही दिवस? आणि मग असंही वाटलं की मी दाबल्यावर आले, की आल्यावर मी दाबली? माझंच मला सांगता येईना. सगळा गुंता झाला होता डोक्यात.

५

लेक शनिवारी आली. मी तिला काही सांगितलं नाही. मोबाइल दिला, म्हटलं, "स्पीकरवर लाव आणि ऐक. काही वेगळं वाटतंय का सांग."

माझी चकती लावलेली होती, माइक चालू होता, पण मी ऐकत नव्हते. मी तिचा चेहरा बघत होते. तिचे डोळे ओले झाले, साहजिक आहे. दोन मिनिटांवर ती गालात हसली. तीन मिनिटांवर पुन्हा.

"काय गं?"

"बाबांचे ते दोन चुकलेले सूर. एक मधला, आणि एक तो वरचा, टिंग. तिथं ते थांबतात बघ."

"ते आधीपासून आहेत?"

"आधीपासून म्हणजे? आई, मी ही टेप शंभर वेळा ऐकलीय. पहिल्यापासून आहेत."

ह्यांनी तेव्हा सांगितलं होतं, मधे दोनदा. मी मोजत होते आणि मोजायचं नाही असंही ठरवत होते.

"पुढे ऐक," म्हटलं. "शेवट सांग मला. मी ऐकत नाही, तू सांग." आणि मी चकती काढून मुठीत धरली.

लेक ऐकत राहिली. मग तिने भुवया उंचावल्या, खांदे उडवले आणि वहीच्या कोपऱ्यात लिहिलं, 'बाबा थांबतात. मग तुझ्या चपला येतात स्वयंपाकघरातून. मग संपतं.'

मी चकती पुन्हा लावली. "आणि शेवटचा सूर?"

"नाहीये."

"माझं हसणं?"

"कुठलं हसणं? टेप संपली असेल तिथं."

टेप संपली असेल. बरोबर आहे, टेप संपते. पण लेक गेल्यावर मी त्या स्टुलावर बसून भलताच हिशेब करत बसले. दोन सूर तिथं आहेत. तिसरा नाही. म्हणजे तिसरा अजून झालेलाच नाही. मी तो वाजवला नाही, तर त्या रविवारी माझ्या चपला दारात न थांबता पियानोपर्यंत येतील, मी पट्टी दाबेन, निकाल देईन, आणि हे पुढच्या रविवारी पुन्हा वाजवायला बसतील.

वेडेपणा आहे, मला कळत होतं. पण कळलं म्हणून वाटायचं थांबतं थोडंच!

६

चार दिवस मी मोबाइलला हात लावला नाही. ऐकायचंच नाही, म्हणजे प्रश्न मिटला. कानाला खडा.

पाचव्या दिवशी सकाळी खिडकीखालून कोणीतरी शीळ घालत गेलं आणि ती शीळ मला सबंध कळली. चढ, उतार, शेवटची गिरकी, सगळं. पत्रा नाही, डबा नाही. मी ओट्यापाशी उभी होते, हातातलं भांडं सिंकमधे पडलं. माझा कान आला होता! आणि आता, आता कुठे कान आलाय, तर ह्यांची चाल ऐकायची नाही? आयुष्यात त्यांचं म्हणून माझ्याकडे तेवढंच उरलेलं, ते नाही ऐकायचं?

लेक दुपारी जेवायला येणार होती. त्याआधी मी हत्यारं काढली. पियानोची पुढची फळी उतरवली, झाकणाखालचं आडवं लाकूड सोडवलं, आणि शेवटच्या सुराची पट्टी तिच्या खिळ्यावरून उचलून काढली. लाकडात आकडा कोरलेला असतो, हिचा चव्वेचाळीस. हातभर लांबीची काठी, तोंडाशी पांढरी. पडलेल्या दाताच्या जागेसारखी एक फट राहिली. आता तो सूर माझ्या हातून वाजूच शकत नव्हता. मी शंका आल्यावर पट्टी दाबणारी बाई आहे, आणि स्वतःवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

काठी मांडीवर आडवी घेतली. माइक बंद. सुरू केलं.

काय सांगू! चाल आली. पूर्ण आली, ह्यांच्या बोटांच्या वजनासकट. डावा हात जरा उशिरा पडतो तो तसाच पडत होता. दोन मिनिटांवर मधला सूर आला, माझा, मंगळवारचा. त्यांचा हात अडखळला. "माफ करा हो," मी म्हटलं. तीन मिनिटांवर टिंग. ते थांबले. स्टूल करकरलं. मी श्वास रोखून बसले. त्यांनी पुन्हा धरलं.

चार मिनिटं. मी थांबवलं नाही. चाल उतरत उतरत शेवटाला आली, आणि त्यांनी हात उचलला.

शांतता. कुठेतरी नळ बंद झाला. मग चपला. माझ्याच चपला, माझीच घाईची चाल, एकोणीस वर्षांनी तरुण. स्वयंपाकघर, मधला बोळ. ये गं, मी मनात म्हणत होते, ये लवकर, चार पावलं राहिलीत. मी दोन्ही हात काठीवर घट्ट दाबून धरले होते, पांढऱ्या तोंडापासून लांब, लाकडावर.

तीन पावलं.

काठीचं पांढरं टोक खाली गेलं.

माझ्या मांडीवर. तिला खाली जायला जागाच नव्हती, खाली माझी मांडी होती, तरी ते गेलं, आणि तिथंच दाबलेलं राहिलं. सूर पूर्ण विझेपर्यंत पट्टी सोडायची नाही, ही पियानो लावणाऱ्याची सवय, माझीच.

सूर वाजला. लांब, गोल, सबंध. आणि मी... सवय हो, चाळीस वर्षांची सवय... मी मोठ्याने म्हणाले, "उतरलाय."

कानात स्टूल जोरात करकरलं.

"काय झालं?" दारातून माझा आवाज.

"काही नाही." हे. किती वर्षांनी त्यांचा आवाज, आणि तोही असा, ओठ कोरडे पडल्यासारखा. "पट्टी खाली गेली. आपोआप. मगाशी मधेसुद्धा दोनदा गेली होती. आणि आत्ता कोणीतरी म्हणालं..."

"मी होते!" मी ओरडले. "अहो, मीच होते! घाबरू नका!"

त्यांनी श्वास आत ओढला तो मला ऐकू आला, अगदी जवळून, माझ्याकडे तोंड वळवल्यासारखा.

माझ्या खांद्यावर हात पडला. मी दचकून वळले. लेक होती, लवकर आली होती. तिची नजर उघड्या पियानोवर, त्यातल्या फटीवर, मग माझ्या मांडीवरच्या काठीवर.

"अगं, ही खाली गेली," मी म्हटलं. "आपोआप. आणि मी..."

लेक हसली. वाईट मनाने नाही, प्रेमानेच हसली. म्हातारी आई मांडीवर पट्टी घेऊन बसलेली बघून कोणीही हसेल. तोंड उघडून, मान मागे टाकून, पोट धरून. माइक बंद होता, त्यामुळे तिचं हसणं मला ऐकू येत नव्हतं. पण हसणं ऐकू येत होतं. तिचे ओठ हलत होते आणि कानात त्याला अगदी जुळून माझं हसणं वाजत होतं, एकोणीस वर्षांपूर्वीचं, संपता संपत नव्हतं.

ते थांबल्यावर लेकीने हातवाऱ्यांनी विचारलं, काय झालं?

"काही नाही," मी म्हटलं. पट्टी तिच्या खिळ्यावर परत बसवली आणि झाकण लावलं.